दाबला तर सा, ओढला तर रे

व्हीटस्टन ब्रिज मी अख्खी नोकरी शिकवला. बारावीचं भौतिकशास्त्र, चार रोध, मधे गॅल्व्हानोमीटर, काटा शून्यावर आला की पूल संतुलित. बोर्डाच्या परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. शिकवून झालं की मी मुलांना सांगायचे, हा पूल मुळात व्हीटस्टनचा नाहीच. सॅम्युअल हंटर ख्रिस्टी नावाच्या माणसाने तो १८३३ साली मांडला, व्हीटस्टनने दहा वर्षांनी तो लोकांपर्यंत पोचवला आणि नाव याचं चिकटलं. मुलांना हे ऐकून बरं वाटायचं, का कोण जाणे. पण चार्ल्स व्हीटस्टनची जी खरोखर स्वतःची वस्तू आहे ती मला निवृत्तीनंतर भेटली, आणि तीही एका पबमध्ये.

मुलगा आयर्लंडमध्ये लिमरिकला असतो. घरी कोणी पाहुणं आलं की त्याला मोहरचे कडे दाखवायला न्यायचं ही तिथल्या मराठी घरांची रीतच झाली आहे. तसे आम्ही गेलो, वाऱ्याने पदर सांभाळता सांभाळता पुरेवाट झाली, आणि परतताना एनिस गावात जेवायला थांबलो. एनिस म्हणजे क्लेअर परगण्याचं मुख्य गाव. पबच्या कोपऱ्यात सहा-सात जण गोल करून बसले होते, श्रोत्यांकडे चक्क पाठ करून. दोन फिडल, एक बासरी, आणि एक साधारण माझ्या वयाच्या बाई. त्यांच्या दोन्ही हातांत मिळून एक षटकोनी डबी, तिला कॉन्सर्टिना म्हणतात. डबी उघडत होती, मिटत होती, बाईंचा चेहरा भाजी निवडताना असतो तसा निवांत, आणि त्यातून जे बाहेर येत होतं ते ऐकून मी मुलाला म्हटलं, "अरे, ही तर पेटी आहे!"

पेटीवालीला रीडचा, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पत्तीचा, आवाज कळायला वेळ लागत नाही. सांगलीला आमच्या भजनी मंडळात पेटी माझ्याकडे असते, लग्नाआधीपासून वाजवते आहे. पण तो आवाज ओळखीचा असूनही वागणूक अगदी परकी होती. पेटी सूर धरून बसते. ही डबी सूर उडवत होती.

त्या बाईंनी वाजवून झाल्यावर डबी माझ्या हातात दिली. किलो-सव्वा किलो वजन. दोन्ही बाजूंना चामड्याचे पट्टे, त्यात हात अडकवायचे, बोटांखाली बटणं. मी एक बटण दाबून भाता मिटला, सूर आला. तेच बटण दाबून भाता उघडला, तर वेगळाच सूर! मी बाईंकडे पाहिलं. त्या हसल्या. बहुतेक हा प्रसंग त्यांच्या आयुष्यात पुष्कळदा येऊन गेला असावा.

आता थोडं शिकवते, सवय जात नाही. आपल्या पेटीत बाहेरचा भाता हवा आत ढकलतो, ती आतल्या स्प्रिंगच्या भात्यात साठते आणि तिथून एकाच दिशेने रीडवर येते. म्हणून डावा हात कसाही हलवला तरी सूर अखंड राहतो. कॉन्सर्टिनात ही साठवण नाही. दोन हातांमधला तेवढा एकच भाता, हवा कधी आत तर कधी बाहेर. आणि रीडची पत्ती एकाच बाजूने आलेल्या हवेवर नीट बोलते. त्यामुळे प्रत्येक बटणामागे दोन रीड लागतात, एक दाबताना वाजणारी, एक ओढताना, आणि नको त्या बाजूची हवा अडवायला चामड्याची नाजूक झडप. आता या दोन रीड एकाच सुराच्या ठेवायच्या की वेगवेगळ्या, इथे वाटा फुटतात. व्हीटस्टनने एकच ठेवला. त्याची ती इंग्लिश कॉन्सर्टिना, पेटंट १८४४ चं, पुढे रूढ झालेल्या नमुन्यात ४८ बटणं आणि म्हणून ९६ रीड. तिकडे जर्मनीत केम्निट्झला कार्ल फ्रीड्रिश उलिग याने १८३४ मध्येच वेगळ्या सुरांची डबी केली होती, माऊथ ऑर्गनमध्ये फुंकलं-ओढलं की सूर बदलतो त्याच तत्त्वावर. पुढे इंग्लंडच्या कारागिरांनी जर्मन मांडणी आपल्या षटकोनी डबीत बसवली. ती अँग्लो. याशिवाय ड्युएट नावाचा तिसरा पंथ आहे, त्याचे भक्त थोडे पण कडवे, त्यांच्या वाटेला मी जात नाही.

पेटीवाल्या माणसाने कोणती घ्यावी? सरळ हिशोब केला तर इंग्लिश. दाबा किंवा ओढा, गंधार गंधारच राहतो, भात्याची चिंता नाही, नाट्यगीत वाजवायचं असेल, अभंगाची साथ करायची असेल तर तीच बरी. मी अँग्लो घेतली, कारण एनिसच्या बाईंच्या हातात अँग्लो होती आणि मला तसंच वाजवायचं होतं. मुलाने एक तीस बटणांची, नवशिक्यांसाठी बनवलेली घेऊन दिली. जुन्या नामांकित डब्यांच्या किमती त्याने मला मुद्दाम दाखवल्या, म्हणजे मी तक्रार करणार नाही. त्या पैशात सांगलीत बरी गाडी येते.

सगळ्यांत वापरातली अँग्लो सी-जी असते, म्हणजे पेटीवर षड्ज ज्या पट्टीवर धरायचा तिच्या नावाने सांगायचं तर एक ओळ पांढरी एकची आणि दुसरी पांढरी पाचची. तिसऱ्या ओळीत उरलेसुरले कोमल-तीव्र. पांढरी एकच्या ओळीवर मधलं सप्तक असं बसतं: डाव्या हाताचं मधलं बटण धरून भाता दाबला तर सा, ओढला तर रे. शेजारचं दाबलं तर ग, ओढलं तर म. त्याच्या शेजारचं दाबलं तर प, ओढलं तर ध. इथपर्यंत कोणालाही वाटतं, अरे, सोपं आहे. मग सूर उजव्या हातात जातो आणि तिथे पहिलंच बटण उलटं. ओढलं तर नी, दाबलं तर सां. म्हणजे ध आणि नी पाठोपाठ ओढीवर. सरगम म्हणताना तोंडाने "ध नी" एका श्वासात जातं, तसं हातालाही एका ओढीत न्यावं लागतं. उजव्या हातात पुढे वेगळी जोडगोळी चालू होते, ती सांगत बसत नाही. बटणं दिसत नाहीत हे आणखी. पेटीवर नजर टाकता येते. इथे दोन्ही हातांचे तळवे एकमेकांकडे वळलेले, बोटं आंधळी.

सांगलीत कॉन्सर्टिना शिकवणारं कोणी असण्याचा प्रश्नच नव्हता. एनिसच्या बाईंनी निघताना मुलाच्या फोनवर एक दुवा पाठवला होता, आमची शनिवारची मंडळी आहेत, त्यांना म्हणावं या. मी तो पुष्कळ दिवस उघडला नाही. उघडला तेव्हा पडद्यावर पंधरा-वीस चौकटी, प्रत्येक चौकटीत एक माणूस आणि एक डबी. डर्बीचे एक आजोबा, रेल्वेतून निवृत्त. क्लेअरमधल्याच एक नर्सबाई. दक्षिण आफ्रिकेतला एक तरुण, ज्याच्या घरात तीन पिढ्या बोअर, म्हणजे तिकडच्या डच वंशाच्या, लोकांच्या नाचाचं संगीत याच वाद्यावर वाजतं. तिकडे झुलू वादकांनीही ती आपलीशी केली आहे, हे त्यानेच सांगितलं. आणि मी, मागे गणपतीचं कॅलेंडर. सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. ऐंशीच्या घरातल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं माझ्या जिभेवर येईना, म्हणून मी हाक मारणंच टाळते. थेट प्रश्न विचारते. मनात मात्र ते डर्बीचे आजोबाच.

आयर्लंडच्या दुपारी तीनला भरते ही मंडळी. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, जेवणं उरकलेली असतात. मार्चच्या शेवटी ते घड्याळ पुढे करतात आणि आपले साडेसात होतात, म्हणजे नेमकी पोळ्यांची वेळ. उन्हाळ्यात शनिवारच्या पोळ्या आमच्याकडे हे करतात. इतक्या वर्षांनी का होईना, व्हीटस्टनने एवढं साधलं.

एकत्र वाजवणं नेटवरून होत नाही हे आधी सांगून टाकते, कारण सगळे तेच विचारतात. रील ही आयरिश नाचाची धून तिच्या नेहमीच्या चालीत वाजली तर सेकंदाला सात-आठ सूर जातात. नेटवरून आवाज पोचायला एक-दोन दशांश सेकंद जरी लागले तरी समोरचा माणूस एका सुराने मागे पडला. मग तो मला ऐकून थांबतो, मी त्याला ऐकून थांबते आणि सगळं बसकण मारतं. म्हणून एक जण वाजवतो, बाकी सगळे आवाज बंद करून त्याच्याबरोबर वाजवतात. प्रत्येकाला वाटतं आपण आणि तो, दोघेच. लाजऱ्या माणसांना याहून चांगली सोय नाही. कोणी चुकीचं बटण दाबलं ते त्याच्या घरातल्या मांजरालाच कळतं. आणखी एक व्यावहारिक गोष्ट: व्हिडिओ कॉलच्या यंत्रणेला लांबवलेला सूर म्हणजे पंख्याची घरघर वाटते, आणि यंत्रणा तो सूर गाळून टाकते. संगीतासाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय सेटिंगमध्ये शोधून चालू करावी लागते. पहिल्यांदा मी वाजवलं तेव्हा माझा षड्ज सुरू होताच गायब होत होता आणि सगळे माझ्याकडे अत्यंत सहानुभूतीने बघत होते.

लाजण्यावरून आजोबांनी व्हीटस्टनचीच गोष्ट सांगितली. तो म्हणे भर सभेत बोलायला इतका घाबरायचा की रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याच्या संशोधनावरची व्याख्यानं मायकेल फॅरडेने दिली. मी त्यात माझी भर घातली. विल्यम कुक आणि व्हीटस्टन यांनी १८३७ साली लंडनमध्ये युस्टन ते कॅम्डन टाऊन रेल्वेमार्गावर तारयंत्र चालवून दाखवलं. म्हणजे ज्याने डबी केली त्यानेच तारेवरून निरोप पाठवले, आणि आपण सगळे आज त्या निरोपांच्या पणतवंडांवरून त्याचीच डबी वाजवतो आहोत. आजोबांना यातलं रेल्वे तेवढं महत्त्वाचं वाटलं. लंडन-बर्मिंगहॅम लाईन, ते म्हणाले, आणि पुढची दहा मिनिटं त्या लाईनवरच गेली.

आजोबा मॉरिस या इंग्लंडच्या लोकनाचासाठी वाजवतात. पांढरे कपडे, पोटऱ्यांना घुंगरांचे पट्टे, हातात रुमाल नाहीतर काठ्या. त्यांचा देव म्हणजे विल्यम किम्बर. ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारीचा गवंडी, जन्म १८७२. १८९९ च्या नाताळात थंडीने बांधकामं बंद पडली, हातात काम नाही, म्हणून २६ डिसेंबरला ही गवंडी मंडळी चार पैसे मिळवायला नाचत निघाली. एरवी हा नाच उन्हाळ्याच्या तोंडावरचा. त्या दिवशी सेसिल शार्प नावाचा संगीतशिक्षक खिडकीतून बघत होता. त्याने किम्बरला दुसऱ्या दिवशी परत बोलावून अँग्लोवरच्या चाली लिहून घेतल्या, आणि इंग्लंडचं लोकसंगीत गोळा करण्याचं त्याचं काम तिथून सुरू झालं. शार्पचं नाव सगळ्या इतिहासात आहे. आजोबांचं म्हणणं, हात किम्बरचे होते. मला हे पटतं. लावण्यांचे संग्रह छापणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ असतात, ढोलकीवाल्याचं नाव कोणी विचारत नाही.

नर्सबाईंचं दैवत वेगळं, आणि खरं सांगायचं तर मला जवळचं. एलिझाबेथ क्रॉटी, क्लेअरमधल्या किलरश गावच्या. जन्म १८८५. नवऱ्याबरोबर बाजारचौकात पब चालवायच्या आणि कॉन्सर्टिना वाजवायच्या. १९५० च्या दशकात रेडिओवाल्यांनी त्यांचं वादन ध्वनिमुद्रित केलं आणि सत्तरीतली बाई देशभर माहीत झाली. १९६० साली गेल्या. क्लेअरमध्ये हे बायकांचं वाद्य समजत. स्वस्तातल्या जर्मन डब्या दुकानात मिळायच्या, स्वयंपाकघरात एका कोनाड्यात असायच्या, चार शेजारीपाजारी जमले की बाई हात पुसून वाजवायला बसायची आणि त्याच फरशीवर नाच व्हायचा. पुढच्या खेपेला मुलाला मी किलरशला घेऊन गेले. पब आहे अजून, नावही तेच. मुलगा म्हणाला, आई, लोक आयर्लंडला येऊन हिरवळ बघतात, तू पब बघतेस.

माझं वाजवणं नर्सबाईंनी बरेच शनिवार ऐकलं आणि मग विचारलं, तुम्ही वाजवताना पाय कुठे असतात? मी म्हटलं, मांडी घालून बसते. त्या म्हणाल्या, उद्यापासून खुर्चीवर बसा आणि टाच जमिनीला लागू द्या. पेटीची माझी सगळी शिस्त सुराला सूर जोडण्याची. मी अँग्लोवरही तेच करत होते. कोणता स्वर कुठे घेतला तर भाता कमी वेळा उलटवावा लागेल याचा तक्ता करून भिंतीला लावला होता. कारण यात सोय अशी की काही स्वर दोन-दोन ठिकाणी सापडतात. पांढरी सातचंच घ्या. पांढरी पाचच्या ओळीत डाव्या हाताला तो दाबून मिळतो, पांढरी एकच्या ओळीत उजव्या हाताला ओढून. मी नेहमी झटका टाळणारी जागा निवडायचे. नर्सबाईंचं म्हणणं नेमकं उलट. झटका टाळू नका, झटका कुठे हवा ते ठरवा. जिथे नाचणाऱ्याचा पाय पडतो तिथे भाता उलटला पाहिजे. सूर तुटतो तो दोष नव्हे, तोच ठेका. या वाद्याला तबला नाही, ढोलकी नाही. भाताच ढोलकी.

हे ऐकलं आणि मला एनिसच्या पबमधला तो परकेपणा कुठून येत होता ते कळलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: पेटीवाल्याने अँग्लो शिकताना ती पेटीची धाकटी बहीण समजू नये. तिला पायांपासून शिकावं. जिग ही नाचाची दुसरी धून म्हटली तर सहा मात्रा, आपला दादरा. रील म्हणजे आठ, केरव्याच्या जवळचं. पण दादरा ऐकून मान डोलते आणि जिग ऐकून टाच उचलते, तो फरक मात्रांच्या संख्येत नाही, वजन कुठे पडतं त्यात आहे. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, या वाद्यात येणार नाही, पेटीतही येत नाहीच. आलापी करू नये. ज्यांना करायची त्यांनी इंग्लिश घ्यावी.

इंग्लिशवाल्यांचा मला हेवा फक्त एका बाबतीत वाटतो. व्हीटस्टनच्या मांडणीत एका सप्तकात बारा नाही तर चौदा बटणं असतात. डी शार्प आणि ई फ्लॅट वेगळे, जी शार्प आणि ए फ्लॅट वेगळे. पेटीवर काळी दोन ती काळी दोनच. तिथे तिचे दोन तुकडे, आणि सुरुवातीच्या काळात ते खरोखर वेगळ्या उंचीवर लावलेले असत. हे मी मंडळीत ऐकलं तेव्हा उठून उभीच राहिले, कारण आमच्या सांगलीच्याच कृष्णाजी बल्लाळ देवलांनी, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या बारीक सुरांचा, हिशोब मांडला होता आणि क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी बनवून घेतली होती. तीही लंडनमध्ये. बारा पट्ट्यांत सगळं बसत नाही ही तक्रार दोन्हीकडची, आणि दोन्हीकडे जगाने अखेर बारावरच भागवलं. देवलांबद्दल मी एक शनिवार बोलले. ऐकून एका बाईंनी आपली दीडशे वर्षं जुनी इंग्लिश डबी आणून त्या दोन बटणांचा फरक वाजवून दाखवला. फरक इतका बारीक की निम्म्या लोकांना कळला नाही, आणि ज्यांना कळला त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

जुन्या डब्यांचा नाद या लोकांना भयंकर आहे. व्हीटस्टन कंपनीच्या नोंदवह्या लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये आहेत आणि स्कॅन करून सगळ्यांना खुल्या केल्या आहेत. आपल्या डबीवरचा क्रमांक घ्यायचा आणि वहीत शोधायचा. आजोबांची १९२० च्या दशकातली निघाली. कारकुनाचं अक्षर मोठं झोकदार. माझ्या डबीला क्रमांक आहे, वही नाही.

पावसाळा हा माझा खास विषय. इतरांची तक्रार हिवाळ्याची, घरात हीटर चालला की लाकूड सुकतं, आकसतं, रीड आपल्या खाचेत सैल पडतात. माझी तक्रार जुलैची. सांगलीत कृष्णेला पाणी वाढलं की कपाटातल्या पापडांपासून चपलांपर्यंत सगळं मऊ पडतं, मग चामड्याच्या झडपांचं काय. शिवाय पेटीच्या रीड पितळी, या डबीतल्या पोलादी, म्हणजे गंज. डबी ठेवायच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवते. तरी एका पावसात मधला गंधार ओढीवर बोलेनासा झाला.

मिरजेला सतारमेकर गल्लीच्या बाजूला पेट्या दुरुस्त करणारे एक काका आहेत. डबी घेऊन गेले. काकांनी ती कानाशी हलवली, फुंकर मारली, म्हणाले, हे कुठलं पिल्लू? फोनवर आजोबांना लावून दिलं. मग जे झालं ते बघायला हवं होतं. मी दुभाषी, पण तासाभरात माझी गरज उरली नाही. सहा बाजूंचे सहा स्क्रू, वरची जाळी, बटणांच्या खाली तरफा, त्याखाली रीडची फळी. काकांनी फळी उचलली आणि फोनसमोर धरली, आजोबांनी बोटाने हवेत एक जागा दाखवली, काकांनी मान हलवली. पातळ कागदाचा तुकडा पत्तीखालून हळूच ओढला. कण निघाला, गंधार आला. काकांनी त्यासाठी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, रीड आपल्याला परक्या नाहीत, खोकं तेवढं नवीन. मग त्यांनी स्वतः वाजवायचा प्रयत्न केला. बटण दाबून भाता उघडला, मग मिटला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी हसले. एनिसच्या बाई का हसल्या होत्या ते मला तेव्हा नीट समजलं.

भजनी मंडळात डबी न्यायचा हट्ट मी धरला नाही. एकदा नेली होती. आमची पट्टी काळी चार. माझी डबी पांढरी एक किंवा पांढरी पाच सोडून दुसऱ्या कुठल्या षड्जाला सहजी तयार नाही. मी म्हटलं, अर्धा सूर खाली या, पांढरी पाचवर. त्यावर अर्धा तास चर्चा झाली. खाली आल्या, पण अभंगाला डबी लागली नाही ते नाहीच. अभंगाला सुराखाली सूर अंथरून ठेवावा लागतो. ही अंथरायला जाते आणि उड्या मारते.

पण त्याच बायका श्रावणात मंगळागौरीचे खेळ करतात. गेल्या वर्षी सरावाला ढोलकी वाजवणारी मुलगी आली नाही, तर कोणीतरी म्हणालं, ती तुमची डबी आणा, काहीतरी ठेका तरी मिळेल. झिम्म्याचं गाणं घेतलं. पाच-सहा सुरांत फिरणारी चाल, दादऱ्याची, पांढरी पाचच्या एकाच ओळीत बसली. जिथे टाळी पडते तिथे भाता उलटवला. बायकांनी दोन फेऱ्या घेतल्या आणि गाणं न थांबवता एकीने मला खूण केली, जोरात. फरशीवर पावलं, हातात बांगड्या, आणि डबी त्यात अशी मिसळली की मंडळातल्या सगळ्यांत कडक वहिनींनीही पांढरी पाचला हरकत घेतली नाही. नाट्यगीतं, अभंग, भावगीतं असं सगळं मी घरी चाचपून पाहिलं होतं. या वाद्याचं घर झिम्मा-पिंग्यात निघालं, आणि त्यात नवल तरी काय, क्लेअरच्या स्वयंपाकघरात दुसरं काय चालायचं?

६ फेब्रुवारी हा व्हीटस्टनचा वाढदिवस, १८०२ चा. त्या सुमारास मंडळीत प्रत्येकाने आपल्या घरचं काहीतरी वाजवायचं असतं. मी झिम्मा वाजवला. नर्सबाई ऐकता ऐकता टाच मारायला लागल्या आणि म्हणाल्या, ही जिग आहे. दक्षिण आफ्रिकेच्या तरुणाने चाल तिथल्या तिथे उचलली आणि त्याच्या पद्धतीने अशी काही वाजवली की मला ती ओळखू येईना. इथपर्यंत सगळं गोड. मग मी फुगडी घेतली.

फुगडीत वेग वाढतो. सुरुवातीला दोघी हात धरून रेलतात, पावलं जुळवतात, मग गाणं चढत जातं आणि शेवटी नुसत्या भिंगऱ्या. नर्सबाईंनी मधेच हात वर केला. नाचाला वाजवताना वेग बदलायचा नाही, ही त्यांच्याकडची पहिली शिस्त. पहिल्या ओळीत जो ठरला तोच शेवटपर्यंत, नाचणाऱ्यांची पावलं त्यावर अवलंबून असतात. मी म्हटलं, वेग वाढवला नाही तर ती फुगडी नव्हेच, नुसतं हात धरून फिरणं झालं. त्या म्हणाल्या, मग वादकाने वेग वाढवायचा की नाचणाऱ्यांनी? हा प्रश्न आमच्याकडे कोणी कधी विचारलेला नाही. मी मंडळात विचारला. वहिनी म्हणाल्या, अर्थात आम्ही, तुम्ही मागून या. दुसरी म्हणाली, छे, गाणारी वाढवते. त्यावरून आमच्यातच जुंपली.

आता ठरलंय असं की सून आणि शेजारची तिची मैत्रीण एका शनिवारी कॅमेऱ्यासमोर फुगडी घालणार, मी वाजवणार, आणि आजोबा वेग मोजायला मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, घेऊन बसणार. फर्निचर कुठे हलवायचं यावर घरात बोलणी चालू आहेत.